पहिले तुम्ही बसा, मामा

चंद्रपूर, ता. २८ ऑक्टोबर २०२४

ती. मुखरूमामास, भाचीचा नमस्कार.

तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता अन् मामी सारं आयकते, म्हणून चिठ्ठी लिवून राह्यली. नर्सिंगच्या आम्ही पोरापोरींनी मागच्या महिन्यात आपल्या नव्या गावात एचआयव्हीच्या तपासणीचं शिबिर लावलं, एक माणूस आला नाई. जंगलातून उठवून रोडवर आणलेलं गाव, दारं समोरासमोर. कोण आत गेलं ते साऱ्याईले दिसते. अन् अर्धं गाव दरसाल तेलंगणात मिरची तोडाले जाते, रोगाची भीती तिथलीच आहे. १० तारखेच्या रविवारी पुन्हा येतो. तेव्हाही कोणी नाई आलं तर दवाखाना तिसऱ्यांदा गाडी देत नाई.

मामा, नव्या धानाचा पहिला घास तुम्ही खाल्ल्याबिगर गावात कोणी ताटाले हात लावत नाई. तपासणीच्या खुर्चीवरही पहिले तुम्हीच बसा.

भाचीवर माया असू द्या.
दिव्यानी

ता. ४ नोव्हेंबर

चि. दिव्यानीस, मामाचा आशीर्वाद.

तुले लाज नाई का वं? साठीच्या माणसाले असं विचारतेस! मले काय रोग लागते? धान वावरात बांधीत उभं आहे, कोंबडा लंगडून राह्यला, अन् तुले हे सुचते. बरं, येईन. सुई लहान आणजो.

मुखरू

ता. १२ नोव्हेंबर

ती. मामास नमस्कार.

मामा, तुमच्या मागं त्रेचाळीस जण बसले! शेजारच्या बिरजूले मात्र तुम्ही हात धरून आणलं, तसं चालत नाई हं, ज्याची त्याची मर्जी पायजे. कोणाचं काय निघालं ते आम्हालेही सांगत नाई, तसा नियमच आहे. कोंबडा कसा आहे?

असाच जीव लावत राहा.
दिव्यानी

ता. २३ नोव्हेंबर

चि. दिव्यानीस आशीर्वाद.

कोंबडा बरा आहे. त्या दिवशी तपासणीवाल्या बाईनं मले बाजूले बसवून चंद्रपूरले पुन्हा तपासाले सांगतलं. १४ तारखेच्या गुरुवारी येऊन गेलो, तुले कळवलं नाई. मले एचआयव्ही आहे. मिरचीच्या वर्षांतलं असन, जास्त विचारू नको. रोज गोळी घेतली तर माणूस जगते, हे तू सांगत होतीस, तेच त्या बाईनंही सांगतलं. गोळ्या धानाच्या ढोलीमागं लपवल्या आहेत.

आता मामीलेही तपासा लागते. आठ दिवस झाले, तिच्यासमोर माझं तोंड उघडत नाई. काल नव्या धानाचा भात वाढला. सारे माझ्या घासाची वाट पाहून राह्यले होते, मी ताट मामीकडे सरकवलं. काऊन म्हणून तिनं विचारलं. मी उठून कोंबड्याले दाणे टाकाले गेलो.

साऱ्यात पहिला मीच असतो पोरी, पण हे मले होत नाई. मले भेव लागते. तू ये अन् माझ्याजवळ बस, मंग सांगतो तिले. फोन करू नको. तो स्पीकर बंद कसा करतात ते मले येत नाई.

तुझा मामा