यथोचित विचार

९ जानेवारी २०१२, सोमवार

आलं पुन्हा माझ्याच गळ्यात! आमच्या नगर कौन्सिलला बजेट कापायचं आहे आणि कात्री लागणार ती गावातल्या स्वयंसेवी संस्थांना. कायदा असा, की अनुदान बंद करण्याआधी फटका कोणाला बसेल ते लिहून काढायचं. म्हाताऱ्यांना, अपंगांना, बायकांना, बाहेरून आलेल्यांना. त्याला म्हणायचं 'समानतेवरील परिणाम'. आणि ते लिहिणारी बाई म्हणजे मी. दुसरं कोणी उरलंच नाही, बाकीच्यांना गेल्या वर्षीच नारळ मिळाला.

ऍड्रियन म्हणाला, "लॉरेन, फार खोलात शिरू नकोस. संस्थेला एक पान पुरे." ऍड्रियन माझा साहेब. वय माझ्या भाच्याएवढं.

घरी येऊन रॉयला सांगितलं. तो फुटबॉल बघत होता, "हं हं" म्हणाला. माझ्या नवऱ्याला ऐकू येतं, पण तो ऐकत नाही.

१० जानेवारी

ऍड्रियनने पानं आधीच अर्धी भरून ठेवलीत. तीन रकाने — परिणाम पॉझिटिव्ह, निगेटिव्ह की तटस्थ. खाली 'उपाय', म्हणजे या लोकांची दुसरी सोय काय. अंध मंडळ बंद झालं तर त्यांनी वृद्धांच्या मिनीबसवाल्यांकडे जावं. मिनीबस बंद झाली तर वृद्धांनी अंध मंडळाकडे जावं. अरे, पण दोन्ही बंद होणार आहेत ना! मी दाखवलं तेव्हा "अय्या, खरंच की" असं तोंड केलं आणि खोडलं.

बहिऱ्यांच्या क्लबपुढे लिहिलंय — 'तटस्थ. एकही हरकत आली नाही.'

"हरकती मागवल्या कशा?"

"फोनवर. खास लाइन ठेवली होती महिनाभर."

"बहिऱ्यांना? फोन?"

त्याने कागद पुन्हा चाळला. मग म्हणाला, "ई-मेलचा पत्ताही होता की खाली."

हसू की रडू! पुढच्या मंगळवारी स्वतः जाते म्हटलं. मंगळवारी त्यांचा मदतीचा दिवस असतो.

१७ जानेवारी, मंगळवार

क्लब गालिच्याच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर. वाटलं होतं, आत सामसूम असेल. कसली सामसूम! खुर्च्या करकरतायत, लोक जमिनीवर पाय आपटून एकमेकांना बोलावतायत, खदाखदा हसतायत. कोणीतरी दिवे बंद-चालू केले तेव्हा सगळ्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

अध्यक्ष नेस्टा प्रिचर्ड. सत्तरी उलटलेली, लिपस्टिक भडक लाल. शेजारी इमेल्डा, दुभाषी. मी ऑफिसच्या थाटात सुरुवात केली, "कर्णबधिर बंधुभगिनींनो..." इमेल्डाचे हात हलायला लागले तोच नेस्टाने तिला थांबवलं.

"बहिरे म्हण गं. कर्णबधिर तुझ्या ऑफिसात. आम्ही बहिरे."

माझं नाव इमेल्डाने एकेक अक्षर बोटांवर करून सांगितलं. मी म्हटलं, किती छान! नेस्टा म्हणाली, छान बिन काही नाही, अक्षरं जुळवतात ती परक्या माणसाची, नाहीतर सरकारी. आपल्या माणसाला नावाची खूण असते. तिची खूण — बोट ओठांवरून फिरवायचं. लिपस्टिक!

"मला मिळेल का एखादी?"

"मागून मिळत नाही. आम्हाला वाटलं तर आम्ही देऊ."

ठसक्यातच म्हणाली. मग चहा दिला, बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला. बाई मला आवडली.

कौन्सिलच्या अनुदानातून जागेचं भाडं आणि मंगळवारी इमेल्डा. लोक बँकेचं, घराचं, डॉक्टरचं जे काही असेल ते घेऊन येतात. इमेल्डा समजावते, फोन करते. बास, एवढंच. आणि तेवढ्यावर सगळं चाललंय.

२४ जानेवारी, मंगळवार

आज ऍल्विनचं ऐकलं. इमेल्डाने बोलून दाखवलं, पण सांगितलं त्याने स्वतः — उंच, वाळका म्हातारा, गिरणीत काम केलेला, जन्मापासून बहिरा. त्याची भाषा हातांची. इंग्रजी त्याला परकीच, जेमतेम वाचतो.

गेल्या हिवाळ्यात हॉस्पिटलातून त्याच्या मोबाइलवर मेसेज आला, तपासणी 'पॉझिटिव्ह', डॉक्टरांना फोन करा. फोन कसला करतोय! पण पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, एवढं त्याला माहीत होतं. त्या संध्याकाळी पबमध्ये त्याने सगळ्यांना बियर पाजली. पुढे कितीतरी दिवस खुशीत. मग मंगळवारी क्लबात केक घेऊन आला आणि इमेल्डाला मेसेज दाखवला.

"केक हातातच राहिला," ऍल्विन म्हणाला. म्हणजे त्याच्या हातांनी तो केक धरून दाखवला आणि खाली ठेवायला जागा सापडेना असं केलं.

तिने तिथूनच फोन लावला. त्याच आठवड्यात आतड्याचं ऑपरेशन झालं. आणखी थोडा उशीर होता तर गेलाच होता, असं डॉक्टर म्हणाले.

आणि माझ्या पानावर काय, तर 'तटस्थ'. इतका संताप आला!

३१ जानेवारी, मंगळवार

मला नाव मिळालं!! बोलताना मी पेनाचं बटन सारखं टिकटिकवते म्हणे. त्यांना आवाज येत नाही, पण अंगठा नाचताना दिसतो आणि डोकं उठतं. म्हणून मूठ धरून अंगठा हवेत दोनदा दाबायचा — ती मी. ऍल्विनने सुचवलं, नेस्टाने मान डोलावली आणि टेबलाभोवती सगळ्यांनी करून पाहिलं.

रॉयला करून दाखवलं.

"हे काय, रिमोट?"

"मी आहे ही!"

"बरं. मग चॅनल बदल."

त्याला काय कळणार! मी मात्र दिवसभर हवेत आहे. वय झालं तरी काही गोष्टींचं अप्रूप वाटतंच.

आता अक्षरंही शिकतेय. स्वर डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर, बाकीची बरीचशी तळव्यावर. बसमध्ये पाट्या वाचत बसते बोटांवर. समोरची बाई जागा बदलून गेली.

३ फेब्रुवारी

पान दिलं. एक नव्हे, बारा झाली. परिणाम निगेटिव्ह, तीव्र. उपाय — नाही. कौन्सिलची हेल्पलाइन फोनवर चालते हेही लिहिलं. ऍल्विनचं लिहिलं. नाव नाही घातलं, पण केक घातला.

ऍड्रियन वाचत गेला आणि पांढराफटक पडत गेला. "हे असं नाही जायचं. आधी वकीलबाई बघतील."

बघू देत. एक शब्द पुसणार नाही.

८ फेब्रुवारी

मिसेस ट्रंबलचा फोन. त्या कौन्सिलच्या वकील. मी कंबर कसूनच बसले होते.

तर म्हणतात, "फार चांगलं आहे. आणखी लिहा. या लोकांना वाचायला का जड जातं ते सविस्तर घाला. केकचा प्रसंग ठेवाच. काही सौम्य करू नका, काही लपवू नका."

मी दोनदा विचारलं, नक्की? "नक्की. सगळं खरं कौन्सिलच्या सभासदांपुढे आलं पाहिजे."

धावत जाऊन बाईचा मुका घ्यावासा वाटला! कौन्सिलात अजून माणसं आहेत म्हणायची.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

पक्का मसुदा घेऊन क्लबात गेले. ऍड्रियनला सांगितलं नाही. इमेल्डाने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हातांनी वाचला. खुर्ची करकरली नाही की पाय आपटला नाही. संपल्यावर सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. ती त्यांची टाळी.

नेस्टा म्हणाली, "आमचं म्हणणं कोणीतरी आमच्यासारखं लिहिलं. हे वाचून कसे बंद करतील?"

"नाहीच करणार," मी म्हटलं. अगदी ठणकावून! वकीलबाईंचंही सांगितलं.

नेस्टाने घरून बटाटा भरलेला 'पाय' भाजून आणला होता. दोनदा घेतला.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

बंद केला.

कौन्सिलच्या बैठकीला वर गॅलरीत क्लबातले सगळे बसले होते, ऍल्विन सूट घालून. माझा अहवाल सगळ्या सभासदांकडे होता आणि त्यांनी वाचला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एका बाईने तर डोळे टिपले. मग कौन्सिलचे पुढारी उठले. म्हणाले, अहवाल अतिशय प्रामाणिक आहे, फटका तीव्र आहे हे आम्ही मान्य करतो, आम्ही त्याचा यथोचित विचार केला आहे. आणि जड अंतःकरणाने... वगैरे. हात वर. झालं.

इमेल्डाने वर निकाल सांगितला तेव्हा गॅलरीत सगळ्यांनी एकदम पाय आपटले. सभेचे अध्यक्ष म्हणाले, "गॅलरीत कृपया शांतता राखा."

२४ फेब्रुवारी

टेबलावर फुलं! ऍड्रियनकडून. "लॉरेन, तू वाचवलंस आम्हाला."

मला कळेना. मग त्याने मिसेस ट्रंबलचा ई-मेल दाखवला. लिहिलंय, निर्णय आता कोर्टात टिकेल, कारण फटका किती बसेल हे सभासदांना पूर्ण माहीत होतं. कायदा म्हणतो, विचार करा. विचार करून तेच करू नका, असं कुठेही म्हणत नाही.

म्हणजे मी जितकं खरं लिहीत गेले तितकी यांची बाजू भक्कम होत गेली. वीस वर्षं हे काम करतेय आणि हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. काय म्हणावं मला!

फुलं बाथरूममध्ये नेऊन ठेवली.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

क्लबात गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

६ मार्च, मंगळवार

गेले एकदाची. नेस्टा मँचेस्टरच्या वकिलाकडे जाऊन आली होती. तो म्हणाला, इथे काही धरण्यासारखं नाही, सगळं चोख केलंय. शेजारच्या गावात मात्र अंध मंडळाने कौन्सिलला कोर्टात हरवलं, अनुदान परत मिळवलं. तिथे अहवाल लिहिणाऱ्या बाईने एकच पान खरडलं होतं. सगळं 'तटस्थ'.

"तिला केक पाठवायला हवा," नेस्टा म्हणाली.

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, नाक ओढत. नेस्टाने मला जवळ घेतलं. मग हातभर मागे सरून मूठ धरली आणि अंगठा दोनदा दाबला. माझं नाव. पुढे म्हणाली, "खरं लिहिलंस. खोटं लिहायला हवं होतं, असं आम्ही कोणत्या तोंडाने म्हणू?"

केवढं ओझं उतरलं! येताना पायऱ्या उतरले की नुसती तरंगत आले, आठवत नाही.

२७ मार्च, मंगळवार

शेवटचा मंगळवार. गालिच्यावाल्याने वरच्या खिडकीत 'भाड्याने देणे'ची पाटी आत्ताच लावली. दोन दिवस धीर धरवला नाही मेल्याला.

निघताना नेस्टाने अडवलं. म्हणाली, मंगळवार बंद नाही करायचा, माझ्या स्वयंपाकघरात करू. इमेल्डा पोटापाण्यासाठी दुसऱ्या गावी जातेय, तिला फुकट कसं बोलवू? "पण तुला वाचता येतं, फोन करता येतो, थोडी अक्षरंही येतात. तू ये. ऍल्विनचे रिपोर्ट पुढच्याच महिन्यात यायचेत."

मी म्हटलं, "विचार करते."

इमेल्डाने ते हातांनी सांगितलं. नेस्टाने पर्स उचलली.

मी खरंच विचार करणार आहे. मंगळवारी अर्धी रजा टाकता येईल.

३ एप्रिल, मंगळवार

जमलं नाही. नव्या वर्षाचे कागद सुरू झालेत.

१० एप्रिल, मंगळवार

आजही नाही. ऍड्रियनला विचारलं, जाऊ का? म्हणाला, कौन्सिलची बाई तिथे बसली तर बरं दिसणार नाही, कोणी काही काढलं तर? आणि नोकरी जायला आता वेळ लागत नाही. तसं बघितलं तर मी त्याला विचारायलाच नको होतं. पुढच्या मंगळवारी बघते.

१४ एप्रिल, शनिवार

बाजारात चीजच्या गाड्यापाशी नेस्टा दिसली. सोबत कोणी अनोळखी बहिरी बाई. मी हात केला. नेस्टाने मान हलवली, हसलीसुद्धा. त्या बाईने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण?

मी नेस्टाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. तो हलला नाही. नेस्टाने डावा तळवा पुढे धरला आणि उजव्या हाताने सावकाश, नीट अक्षरं काढली. मला आता वाचता येतात. एल. ओ. आर. आर. ए. आय. एन. ई.