माझ्या दिवसाचा मुकादम

४ ऑगस्ट
भोंगा! खरोखरचा भोंगा! सकाळी टेबलाशी बसले, पेनाचं टोपण काढलं आणि पाठीमागून गिरणीचा भोंगा वाजला. हातातला चहा थेट अनुवादाच्या पुस्तकातल्या मूत्रपिंडाच्या प्रकरणावर. माझ्या नवऱ्यानं, निरूपमनं म्हणे तो आवाज कुठून तरी मिळवून मोबाइलमध्ये भरलाय. "काम सुरू झालं की वाजणार, सुट्टी झाली की वाजणार. सवय लागली की मन आपोआप बसतं."
मन बसतं! माझं काळीज बसायची वेळ आली.
भिंतीवर तक्ताही आलाय. हिरवा रंग म्हणजे अनुवाद, पिवळा म्हणजे तपासणी, लाल म्हणजे जागचं हलायचं नाही. स्वयंपाकाला रंगच नाही. विचारलं तर म्हणतो, "तो आधीच उरकायचा ना!"

६ ऑगस्ट
लाल वेळ चालू. सासूबाई दारात. "सूनबाई, इलिशवाला आलाय. घेऊ का?"
निरूपम धावत आला. "मा, तिला आत्ता काही विचारायचं नाही!"
"बरं, मग तू सांग. ताजा आहे का?"
"मला माशातलं काय कळतं?"
"मग मधे कशाला कडमडतोस?"
मायलेकांचं भांडण माझ्या डोक्यावर उभं राहून. शेवटी मीच उठले, कल्ले उघडून बघितले, मासा घेतला, हात धुतले. परत येते तर हा तक्त्यावर फुली मारतोय!
इलिश मात्र छान झाला.

९ ऑगस्ट
हा असा का वागतो ते मला कळतं. म्हणूनच जास्त चिडचिड होते. उभं आयुष्य यानं तागाच्या गिरणीत पाळ्या लावल्या — कोण कुठल्या मागावर, कोण सुट्टीवर, कुणाच्या जागी कोण. भद्रेश्वरच्या बाजारात माणसं याला थांबवून विचारायची, "निरूपमदा, उद्या मी कुठे?" गेल्या वर्षी गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं. आता याच्याकडे एकच कामगार उरलीय. मी!
पण माझं काय? संघमित्रादींनी साफ सांगितलंय — नर्सिंगच्या पुस्तकाचा बंगाली अनुवाद दुर्गापूजेच्या तोंडावरच्या महालयाच्या आत हातात पडला, तर पूजेनंतर त्यांच्या प्रकाशनात मला कायमची जागा. नाही पडला, तर बघू. दिदींचं 'बघू' मला चांगलं माहीत आहे. घर माझ्या एकटीच्या कामावर चाललंय आणि पुस्तक अजून अर्ध्यावरही नाही.

१३ ऑगस्ट
आजचं नियोजन अगदी चोख झालं. अनुवाद झाला दीड पान.

१४ ऑगस्ट
आज फुटले. 'जखमेची काळजी' हे प्रकरण. एका वाक्यापाशी अडले होते, खिडकीबाहेर बघत शब्द शोधत होते. आता येईल, आता येईल असं झालेलं — आणि हा खांद्याशी.
"कावेरी, तू बराच वेळ नुसती बसून आहेस."
"विचार करतेय."
"विचाराला वेगळी वेळ ठेवू या का?"
पेन आपटलं मी. म्हटलं, "मी तुझ्या गिरणीतला माग नाही! स्वतःचा दिवस लाव आधी! दुसऱ्याच्या दिवसात किती दिवस राहणार आहेस?"
सासूबाईंनी स्वयंपाकघरातलं पाणी बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.
निरूपम ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "माग बंद पडला की निदान कुणीतरी मला बोलवायला यायचं."
तक्ता काढला, गुंडाळला, बाहेर गेला.

१५ ऑगस्ट
बोलत नाही. मीही नाही.

२० ऑगस्ट
घरात शांतता. भोंगा नाही, फुली नाही, खांद्याशी कुणी नाही. हवं होतं ते सगळं मिळालं — आणि मी काय केलं? कपाट आवरलं. पूजेच्या साड्या कुणाला कुठली ते ठरवलं. बहिणीला फोन. दिदींचे फोन — मुखपृष्ठ निळं की हिरवं, 'शुश्रूषा' बरं की 'परिचर्या', तुझ्याकडे पाऊस आहे का! प्रत्येक फोननंतर वाक्य पहिल्यापासून.
स्वतःचाच राग येतोय. त्याच्या नावानं ओरडायची तरी सोय होती.
तो सकाळी नदीच्या घाटावर जाऊन बसतो, जेवायला येतो. ताटातलं अर्धं टाकतो. सासूबाई म्हणाल्या, "तू त्याच्याशी बोल. नाहीतर मी बोलेन, आणि मी बोलले की बिघडतं."

२६ ऑगस्ट
बोलले. म्हटलं, "एकच काम कर. माझा फोन तुझ्याकडे ठेव. भोंगा नको, तक्ता नको, फक्त फोन."
त्यानं हात पुढे केला. फोन घेतला. मग दारातून वळून म्हणाला, "तुला लिहायला सुचतं कधी?"
इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा विचारलं! म्हटलं, दुपारी. सासूबाई झोपल्या की. सकाळी डोकं नुसतं भात-डाळीत असतं.
"मग सकाळी मी भात-डाळ बघतो," म्हणाला. "तू दुपारी लिही."

२७ ऑगस्ट
डाळ करपली. सहा पानं झाली!

२ सप्टेंबर
संपलं सगळं. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतंय.
दुपारी आत लिहीत बसले होते. बाहेर फोन वाजला. निरूपमचा आवाज — गिरणीतला आवाज, जो मी वर्षभर ऐकला नव्हता. "दिदी, सकाळपासून हा तुमचा कितवा फोन? मुखपृष्ठाचं आत्ता ठरलं नाही तर पुस्तक अडतंय का? नाही ना? मग जे जे विचारायचं ते साठवा आणि संध्याकाळी एकदाच विचारा. पुस्तक हवंय की गप्पा हव्यात?"
धावत गेले तोवर फोन ठेवलेला.
"अरे, नोकरी देणारी बाई आहे ती!"
"मग तर तिला कळायलाच हवं."
परत फोन लावला तर दिदींनी उचलला नाही. रडू आलं. हा माणूस मला मदत करून करून रस्त्यावर आणणार. सासूबाई म्हणाल्या, "बोलला ते बरोबरच बोलला हो." घरात दोघं तसलेच!

३ सप्टेंबर
दिदींचा फोन नाही. अकरा पानं.

९ सप्टेंबर
अजून नाही. संध्याकाळी फक्त एक निरोप — शंका ओळीनं लिहिलेल्या, खाली एक शब्द नाही. उत्तरं पाठवली. यापुढे मला जागा मिळणार नाही हे नक्की. पण पुस्तक अर्धवट टाकायचं नाही. निदान त्यांना बोट ठेवायला जागा नको.
निरूपम डाळ आता बरी करतो. हे त्याला सांगणार नाही.

१८ सप्टेंबर
पुस्तक दिलं. महालयाला अजून अवकाश आहे! कॉलेज स्ट्रीटला, त्यांच्या प्रकाशनात स्वतः नेऊन दिलं. दिदींनी पानं चाळली, चष्म्यावरून बघितलं. "इतके अनुवादक सांभाळते मी. सगळे पूजेच्या आधी आजारी पडतात. तू वेळेवर कशी?"
काय सांगणार? पिशवीची घडी घातली. त्यांनीही जागेचं नाव काढलं नाही. विचारलं एवढंच — "नवरा काय करतो गं तुझा सध्या?"
"घरी असतो."
"हं."
या 'हं'चा अर्थ लावत घरी आले. निरूपमवर इतकी चिडले होते की लोकल गाडीत शेजारच्या बाईनं माझ्याशी बोलायचंच टाळलं.

२० सप्टेंबर
दिदींचा फोन आला — निरूपमला! माझी जागा पक्की. आणि कुणी काय, कधी द्यायचं हे लावणारं माणूस प्रकाशनात नाही, ते यानं लावायचं. "त्या दिवशी मला झापलंत तसंच सगळ्यांना झापा," म्हणाल्या. सगळे अनुवादक त्याच्या हाताखाली. म्हणजे मीसुद्धा! आता पगारी!
सासूबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या.
निरूपम फोन हातात धरून तसाच उभा होता. मग म्हणाला, "कावेरी, पूजेनंतर कितीची गाडी धरायची आपण?"
त्याचे डोळे बघितले आणि त्याच्याशी भांडायचं राहूनच गेलं.
म्हटलं, "तू ठरव."