एव्होराची बहिरी कबुतरं

कमालदादा,

तुझी गच्ची आणि कबुतरं अल्ला शाबूत ठेवो.

आम्ही मजेत. इथल्या ऑलिव्हना आपल्या अलेप्पोची सर नाही, एवढंच दुःख.

रीम पोर्तुगालला आल्यापासून बोलत नव्हती, हे तुला कळवलं नव्हतं. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "घरी आवडायचं ते करू द्या तिला." मी म्हटलं, "बाई, तिला मामाची गच्ची आवडायची. ती कुठून आणू?"

काल इथे एव्होराच्या चौकात पोरीनं दोन बोटं तोंडात घालून कबुतरं उतरवायची तुझी शीळ घातली. इथल्या ऐदी कबुतरांनी पावातून मानही वर काढली नाही. रीम भडकली, "आई, ठार बहिरी आहेत ही!"

मी तिथंच रडत बसले.

अजून दिवेलागणीला शीळ घालतोस ना? पत्र पोचेल त्या दिवशी दोनदा घाल. एक रीमची.

तुझी तिखट बहीण,
सुहैर