भरतासोबत चार घोट

अमरावती, श्रावण शुद्ध ५, शके १७८६

तीर्थरूप माणिकताईस वच्छलाचा सा. नमस्कार. वि. वि.

परतवाड्याला आबा आपल्या दोघींना ओसरीवर अक्षरं गिरवायला बसवत, आणि तू माझी धूळपाटी आपली म्हणून दाखवायचीस, हे सकाळपासून आठवत आहे. तेव्हा मी रडून सगळं सांगून टाकायची. आता तसं होत नाही.

तू लिहिलंस की आमची स्वयंपाकीण पार्बताबाई अकोल्याला भाचीकडे आहे, आणि महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला तिला तिथे कोणी बोलावत नाही. इकडचं बोलणं तिकडे पोचलं म्हणायचं. जिनं वीस वर्षं आमच्या घरचा नैवेद्य नुसत्या वासावर रांधला, मिठाचा कणसुद्धा आधी जिभेला लावला नाही, तिनं साहेबाची दारू चाखली, असं ते बोलणं. ताई, ती मी चाखली.

माघात कापूस घ्यायला आलेल्या साहेबानं यांच्याकडे स्पेन देशच्या तांबड्या द्राक्षदारूची बाटली पाठवली. रात्री जेवायला येतो, हिच्यासोबत शोभेल असं इकडचं जेवण करा, बूच दुपारीच काढून ठेवा, म्हणून निरोप. हे माळकरी, तेव्हा काय शोभतं ते सांगणार कोण? पार्बताबाई अंगणात ज्वारी निवडत होती. मी आत एकटी. चिंचेच्या सारावर एक घोट घेतला, तोंड आंबून गेलं. ठेच्यावर घेतला, जीभ पेटली. तुरीच्या वरणावर तिची चवच हरवली. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरत, वर जवसाची चटणी, त्यावर चौथा घोट घेतला, आणि तो धूर नि ती द्राक्षं जुनी ओळख असल्यासारखी भेटली. मला ती आवडली, ताई. एवढं लिहायला सहा महिने लागले.

संध्याकाळी बाटली उणी दिसली. यांनी अंगणात पाच बायांसमोर पार्बताबाईला बोल लावला. मी भरताचं ताट हातात घेऊन उंबऱ्यावर उभी होते. साहेबानं ते भरत दोनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

सोबत हिरवं लुगडं पाठवते, ते तिला दे. कोणी दिलं ते सांगू नकोस. मला मनातून उतरवू नकोस.

तुझी वच्छला


अकोला, श्रावण शुद्ध १२

चि. सौ. वच्छलास माणिकचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. सुनेला, रुख्मिणीला, सातवा लागला. लहानपणी तुझ्या भरताला मांजर तोंड लावत नसे, त्याची साहेबानं वाहवा केली हे वाचून हसू आलं, मग हसल्याचीच लाज वाटली.

लुगड्याला पार्बताबाईनं हात लावला नाही. कोणी दिलं ते मी सांगितलं नाही, तरी तिनं ओळखलं. म्हणाली की त्या दिवशी वच्छला सूनबाईनं मिठाचा डबा देल्ला तवाच मले तिच्या तोंडाचा वास आला होता. मग तेव्हाच काहून बोलली नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणते की बोलली असती तर नवऱ्यापुढं तिचं काय झालं असतं; तिनंच बोलावं म्हणून मी वाट पाहून राहिली होती. लुगडं नको, ज्या बायांनी ऐकलं त्यायले सांग म्हणा, एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला बसली.

वच्छे, मी तुझ्या बाजूनं काही बोलू शकले नाही. माया आहे तशीच आहे.

माणिक


अमरावती, श्रावण वद्य ८

तीर्थरूप माणिकताईस सा. नमस्कार. वि. वि.

सोमवारी त्याच पाच जणी डाळी निवडायला आल्या होत्या. मी सूप खाली ठेवलं आणि सांगितलं की बाटली मी उणी केली, पार्बताबाईनं नाही.  एकीनं आपलं सूप माझ्यापासून जरा दूर ओढलं. सासूबाई म्हणाल्या की यंदा महालक्ष्म्यांच्या चुलीला मी हात लावायचा नाही. हे ओसरीवरून ऐकत होते. चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत, पण आज यांनीच गाडीवान नत्थुजीला अकोल्याची गाडी जुंपायला सांगितली. लाज गेली असं समजू नकोस. आता ती चारचौघांत आली, इतकंच. तुझा हात डोक्यावर असू दे.

गाडीतले पायलीभर जवस तुझे. हिरवं लुगडं रुख्मिणीला दे. पार्बताबाईला माझ्याकडून काही देऊ नकोस. तिच्या भाचीच्या ओसरीवर, शेजारणी असतील तेव्हा, हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव आणि मग तिच्याच हातात दे. महालक्ष्म्यांचा नैवेद्य तिनं रांधावा असं घरच्या सगळ्यांनी सांगितलं आहे. ती नाही म्हणाली तर आग्रह करू नकोस, गाडी रिकामी पाठव.

वच्छला