सत्काराचा नारळ

सोमवार, संध्याकाळ. सेनगाव.

आज कॉलेजचा फोन आला. डिग्रीचे शेवटचे सहा महिने पुण्याच्या कंपनीत काम शिकायचं. मी धरूनच चालले होते की कंपनी राहायला जागा देईल. न्हाई देत. पगारही न्हाई. खोली, जेवण सगळं आपलं, वर कॉलेजची फी चालूच. मी आधीच काहून विचारलं न्हाई?

गावानं तर मागच्या आठवड्यात पारावर सत्कारही केला. कंपनीत जाणारी पहिली पोरगी म्हणून शाल आणि नारळ. आईनं नारळ देवापुढं ठेवला. म्हणाली, "निघशील त्या दिवशी फोडू."

बाबा हिंगोलीच्या रस्त्यावर जीप चालवतात. फोनचं ऐकून म्हणाले, "जीप विकून टाकतो."

आई म्हणाली, "मग खायचं काय? लहानीची शाळा?"

मी नारळाकडं बघत बसले. जाऊ नको, असं कुणीच म्हणालं न्हाई. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

आत्ता जेवायला बसलो तर ताटात ओल्या खोबऱ्याची चटणी. देवापुढची जागा रिकामी.

मुकाट्यानं खाल्ली. चांगली झाली होती, याचाच जास्त राग येऊन राहिला.