बाभळीवरचं गाठोडं

प्रिय फरैजा,

परवा एक पाहुणं जोडपं आलं. सगळ्यात आधी पोचला तो नवरा, वजीह. पोचला म्हणजे काय, माझ्या दारात फतकल मारून बसला आणि आजीबाईचा मान देऊन म्हणाला, "हाज्जा, दरी इथूनच दिसते का हो?" मागून त्याची बायको इनास, दातांची डॉक्टरीण, ओरडली, "बघायला नाही, उतरायला आलोय आपण!" कैरोची माणसं गं. गाडी वळणावर ठेवून एवढंसं चालली तर ही अवस्था. आपले वाटाडे सगळे पलीकडच्या खोऱ्यात लग्नाला गेलेले. मग काल पहाटे मीच काठी उचलली. तुझ्या बाबाला सांगू नकोस. सांगितलंस तरी काय वाकडं करणार आहे तो माझं!

पांढऱ्या घसरणीवर वजीहनं बूड टेकलं ते उठेचना. बूट केवढे त्याचे, एकेकात कोकरू निजेल. दर वळणावर विचारायचा, अजून किती? मी म्हणायची, आलंच. चौथ्यांदा इनास म्हणाली, "हाज्जा, तुमचं आलंच म्हणजे सरकारी कचेरीतलं उद्या!" हसून हसून डोक्यावरची ओढणी सुटली माझी. त्या चिंचोळ्या फटीत, जिथं तू लहानपणी शेळीचं शेपूट धरून जायचीस, तिथं त्याचं पोट अडकलं. पुढून मी ओढतेय, मागून ती ढकलतेय, मधे हा अल्लाचं नाव घेतोय. किती दिवसांनी दरीत माणसांचा गलका घुमला. एरवी मी खोकले की दरी तेवढंच मला परत देते.

झऱ्याला पाणी कमी झालंय, पण आहे. बाभळीखाली मी पीठ मळलं, निखाऱ्यांच्या राखेत भाकरी पुरली. तेवढ्यात वजीह, भला माणूस, म्हणाला, "हाज्जा, कुणीतरी गाठोडं विसरलंय बघा झाडावर," आणि काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. तुझं गाठोडं, फरैजा. निळ्या घोंगडीचं. माझ्या तोंडून असा शब्द निघाला की इनासचा चहा सांडला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? शहरात उघड्यावर राहिलं ते विसरलेलं नाहीतर टाकलेलं. आपल्यात झाडाला टांगलं म्हणजे मालक परत येणार. तोवर चोरसुद्धा खालून मान घालून जातो. हे ऐकून तो इतका ओशाळला की भाकरीसुद्धा मागेना. हळूच विचारलं त्यानं, मालक कोण? म्हटलं, माझी नात. कैरोत परिचारिकेचं शिकते. कधी येणार? मी म्हटलं, आलंच.

या वेळी कुणी हसलं नाही.

मग त्यानंच ते परत टांगलं. ताडमाड माणूस, माफी म्हणून चांगलं जपून, वरच्या फांदीला. तिथं माझा हात पुरत नाही गं. तुला कधी बोलले नाही, पण शेळ्या पाण्यावर नेल्या की मी गाठीला हात लावून यायची. उघडलं नाही कधी, तुझी शपथ. तू मारलेली गाठ तीच आहे ना, एवढंच. आता खालून बघायचं.

चढताना ऊन असं तापलं की दगडाला हात लावला की चटक्यानं मागं घ्यावा. इनासचा गुडघा गेला. मी वजीहला म्हटलं, "बाबा, लग्नात उचलली नसशील तर आज उचल." "हाज्जा, लग्नात ही निम्मी होती!" म्हणाला आणि तिची चापट खाल्ली. पण पाठीवर घेतली हो त्यानं, शेवटच्या चढापर्यंत. मी पुढं चालत होते, मुद्दाम हळू. दिवस लवकर संपू नये म्हणून.

आत्ता सकाळ आहे. दोघं अजून उठली नाहीत, त्यांच्या घोरण्यानं शेळ्या बिचकल्यात. ती गेली की मला पुन्हा शेळ्यांशीच बोलायचं, आणि त्याही माझ्या गोष्टींना कंटाळल्यात. तू मातीत काठीनं शिकवलेली अक्षरं आहेत ही, वाकडी आली असतील तर हसू नकोस.

शेळ्यांना गिऱ्हाईक ठरलंय. ईदनंतर तुझा बाबा मला तूर शहरात आपल्या घरी नेणार आहे. नळ आहे म्हणे घरात, समुद्रही दिसतो. खोरं सोडणाऱ्यानं आपली झाडं रिकामी करायची असतात. माझी केली, तुझ्या आजोबांचा कोट आणि फुटकी किटली. तुझं गाठोडं मात्र माझं नाही. मला ते काढता येत नाही, आणि वाट बघणारं कुणी नसताना तसंच टांगलेलं सोडून जाववत नाही. राहायला ये म्हणत नाही मी. तू शिक, सुया टोच, मोठी हो. गाठोडं घेऊन जा, नाहीतर पुन्हा टांग, पण हात तुझा हवा. मी खाली उभी राहीन. ही चिठ्ठी इनासच्या हाती देते, ती तुझ्या वसतिगृहावर आणून देईल. गुडघा बरा झाला की पुन्हा येतो म्हणालीत दोघं, आणि गाडीत मागची जागा रिकामी असते. बाबा टेम्पो घेऊन येणार शनिवारी. ही दोघं येणार त्याच्या दोन दिवस आधी, ईदनंतरच्या पहिल्या गुरुवारी.

तुझीच, त्या शनिवारपर्यंत इथलीच,
आजी हमदा