गाळ न बसणारं पाणी

१४ मार्च, शनिवार

दुकान उघडायच्या आधी पिंप घासून पुन्हा भरलं. दिवसभरात एका चष्म्याची दांडी बसवली, एका आजीबाईंना काच बदलून दिली. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये पाण्याची सभा झाली. आता जेवण उरकून बसलोय.

प्रिय चिमणे,

सोबतची चष्म्याची डबी इतक्यात उघडू नकोस. आधी हे वाचून काढ. तुझा बाप एवढं लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय असं तुला वाटेल. तसं काही नाही. उलट आज मी भर सभेत उभा राहून बोललो. हस, हस. तुझी आई असती तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

आमच्या गावाला पाणी पटत का नाही, हे तू फोनवर विचारायचीस आणि मी "बघतो" म्हणून फोन ठेवायचो. खरं म्हणजे तू काम करतेस त्या प्रकल्पाला इथे लोकांनी पार धुऊन काढलं होतं. समुद्राचं पाणी गोडं होऊन नळाला आलं त्या दिवशी याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात तक्रारी सुरू. जीभ आखडते, घसा कोरडा पडतो, चहा कळाहीन होतो. शेजारच्या काकूंचं म्हणणं, समुद्र पुरता गाळलाच नाही, थोडा राहिलाय आत. त्या तर पेल्यात शंख सापडायची वाट बघत होत्या. तुमची माणसं नळावरून बाटल्या भरून न्यायची, पाणी उत्तम असल्याचं कळवायची, आणि ते ऐकून लोक आणखी चिडायचे. शेवटी आजच्या सभेत ठराव करायचं ठरलं. तुमची लाइन बंद करा, पुन्हा नदीचं पाणी द्या. नदीचं म्हणजे कुठलं? पात्रात हल्ली लोक गाड्या लावतात. वरच्या धरणात जे थोडं उरलंय, ते आपण खाली समुद्राचं पितो म्हणूनच वरच्या गावांना पुरतंय. आपण मागितलं असतं तर त्यांचे नळ कोरडे पडले असते, आणि तू तिथे एवढी वर्षं राबलीस ते पाण्यात गेलं असतं. हे सगळं मला कळत होतं. पण पाणी मलाही तसंच लागत होतं, मग बोलणार काय?

परवा तुझा मामा आला. सांगून येईल तर तो मामा कसला. घामाघूम होऊन आला तो बूटही न काढता मोरीत शिरला, नळाखाली ओंजळ धरून पोटभर प्याला, आणि एवढ्या चांगल्या पाण्यासाठी तुम्ही लोक रडता कशाला म्हणून मलाच झापलं. मी म्हटलं, आता पिंपातलं पिऊन बघ. एक घोट घेतला आणि लहानपणी तू औषध पिताना करायचीस तसं तोंड केलं त्याने.

"भाऊजी, काय कालवलंय यात?"

काही कालवलं नव्हतं. फक्त तुरटी फिरवली होती. सगळं गावच फिरवतं. नदीचं पाणी मातकट यायचं, म्हणून भरलं की खडा फिरवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं प्यायचं. हातांना वळणच पडलं होतं ते. आता नळाला दिवसभर पाणी असतं तरी आपण पिंप भरतोच ना, तसंच. तुमच्या पाण्यात गाळच नाही, तर बसणार काय? आणि बसत नाही म्हणून लोक आणखी फिरवत राहिले. काकूंनी तर जुना खडा जोर करत नाही म्हणून नवा मोठा आणला. धरायला गाळ नाही, मग सगळी तुरटी पाण्यातच राहत होती.

अध्यक्ष ठराव वाचायला उभे राहिले आणि मी हात वर केला. दुकानात दिवसभर माझं एकच वाक्य असतं, आता दिसतंय का. तेवढ्याच आवाजात विचारलं, "घरी पाण्यात तुरटी कोण कोण फिरवतं?" आधी सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग काकूंचा हात वर गेला, मग त्यांच्या रांगेचा, मग सगळ्या हॉलचा. अध्यक्षांनीही कान खाजवायच्या निमित्ताने अर्धा वर केला. मी शाळेच्या नळाचं पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं. ते प्याले आणि पेला पुन्हा पुढे केला. हॉलमध्ये जो हशा झाला, त्यात ठराव बारगळला. काकू अजून शंखावर ठाम आहेत.

लाइन वाचली हे तुला तिथेही कळेलच. पत्र त्यासाठी नाही. सभेत मी "मलाही सवयच होती" म्हणून मोकळा झालो, पण तुला खरं ते सांगतो. पाण्यात गाळ नाही हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. जन्मभर काचा पुसतोय, तेवढं कळतं. चव तुरटीने बिघडते एवढं मात्र डोक्यात आलं नाही. रोज सकाळी तुझी आई पिंपात खडा फिरवायची, त्या आवाजाने मला जाग यायची. ती गेल्यावर घर फार गप्प झालं. म्हणून मी फिरवत होतो. लेकीने पाठवलेलं पाणी तिच्या वाट्याला आलं नाही, पण तिचा खडा त्यात फिरला. तो झिजून तिच्या चिमटीच्या आकाराचा झालाय. माझी बोटं त्यात बसत नाहीत. तुझे हात तिच्यासारखे आहेत. डबीत तोच आहे. ओल्या हाताने धरू नकोस, उरलाय तेवढा राहू दे.

आज पिंपात नुसतं पाणी आहे. अजून प्यालो नाही. तुला लिहून झालं की पिऊ म्हटलं.

तुझाच,
बाबा

ता. क. गोड आहे. पेला संपवला, विसळून पालथा घातला.